क्रमांक एकोणीसच्या तीन पायऱ्या

सभागृहाच्या पायरीवर एक म्हातारा चिखलाचे बूट काढत बसला होता, म्हणून हेमांगी खांबेटेला आत शिरायला थोडं थांबावं लागलं. कीथ बुलन त्याचं नाव. उभा जन्म खेकडे पकडणाऱ्या होडीवर गेलेला, आता पंचाहत्तरीला टेकलेला. मार्लबीत बूट बाहेर काढल्याशिवाय कोणी कुठे आत जात नाही, कारण इथल्या कड्याची माती एकदा फरशीला लागली की आठवडाभर निघत नाही. कीथनं एक बूट काढला, दुसऱ्याकडे बघितलं आणि दम खाल्ला. होऊ द्या सावकाश, असं हेमांगी त्याला म्हणाली. तिलाही आत जायची काही घाई नव्हती.

मार्लबी हे इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातलं, समुद्राच्या अगदी काठावरचं गाव. हा काठ दर हिवाळ्यात थोडा मागे सरकायचा आणि जाताना कुणाची तरी बाग घेऊन जायचा. आता एकतीस घरं उरली होती. ती सगळी दोन मैल आत, बीटच्या एका जुन्या शेतावर हलवायची ठरली होती, आणि नवी वस्ती कशी असावी यासाठी परगण्याच्या स्थलांतर मंडळानं वास्तुरचनेची स्पर्धा लावली होती. प्रवेशिका आल्या सव्वीस. परीक्षक एक, म्हणजे हेमांगी. पूर्वी पाच असायचे. ते भांडायचे, जेवायला उठायचे, परत येऊन भांडायचे. आता कायद्याला माणसाची सही लागते म्हणून एक शिल्लक ठेवला आहे.

हेमांगी मूळची मिरजेची. वास्तुकला शिकून चोविसाव्या वर्षी इकडे आली, त्याला पस्तीस वर्षं झाली. तिनं स्वतः एक्केचाळीस स्पर्धांत भाग घेतला आणि त्यातली एकच जिंकली, किनाऱ्यावरच्या एका सार्वजनिक स्वच्छतागृहाची. तेही पुढे समुद्रानं नेलं. तेव्हापासून ती दुसऱ्यांची चित्रं तपासत होती आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा कंटाळा आला होता.

आत भिंतीवर सव्वीस तक्ते लावलेले होते. त्यातला एक सोडला तर बाकीचे पंचवीस एका आईची लेकरं वाटावीत इतके सारखे: एकसलग सपाट वाट, उंबरा नाही, पायरी नाही, प्रत्येक घराचं दार दुसऱ्याच्या दाराला पाठमोरं. कारण उघड होतं. खरा निवाडा करायचं ते यंत्र. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. हेमांगी मनातल्या मनात त्याला 'वहिवाट' म्हणायची. गावातल्या प्रत्येकानं दोन वर्षं मनगटावर एक पट्टी बांधली होती. कोण कधी उठतो, कुठे बसतो, कुणाशी किती वेळ बोलतो, चढ चढताना किती धापा टाकतो, हे सगळं पट्टीनं टिपलं. त्यावरून यंत्रानं प्रत्येकाचा एक छायारहिवासी तयार केला. त्याला नाव नाही, नुसता क्रमांक, आणि पडद्यावर एक ठिपका. प्रत्येक प्रवेशिकेतल्या घरांत हे ठिपके राहायला जायचे आणि यंत्र त्यांची पुढची वीस वर्षं भराभर पळवून दाखवायचं. शेवटी वस्ती किती निभावेल याचे शंभरपैकी निभावगुण. आधी वसवलेल्या सहा वस्त्यांत त्याचे अंदाज फारसे चुकले नव्हते. मग काय, जवळजवळ सगळे वास्तुकार आपापल्या कचेरीत तेच यंत्र दोनदोनशे वेळा चालवायचे आणि गुण वाढेपर्यंत घरं तासत बसायचे.

क्रमांक चारला सत्त्याण्णव गुण होते. क्रमांक एकोणीसला एकेचाळीस.

"चहा," मागून आवाज आला. सभागृहाची किल्ली सांभाळणाऱ्या लोरेन लार्टर दोन मग घेऊन उभ्या होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, ठेंगण्या, केस कानापर्यंत कापलेले. हेमांगीनं मग घेतला आणि आपल्यासाठी मुद्दाम त्रास घेतला नाही ना, असं विचारलं.

"त्रास कसला. माझा नवरा क्लाइव्ह गेला त्याला सहा वर्षं झाली, पण माझ्या हाताला एकच मग चहा करताच येत नाही. दुसरा कुणीतरी पितंच. आज तुम्ही."

रहिवाशांशी गप्पा मारू नयेत अशी मंडळाची सूचना होती, म्हणून हेमांगी नुसती हसली आणि पडद्यासमोर जाऊन बसली.

क्रमांक चारमध्ये सगळं छान चाललं होतं. ठिपके वेळेवर बाहेर पडत होते, वेळेवर परतत होते, कुणी घसरत नव्हतं. ती झोपेला आली होती, इतक्यात बाविसाव्या ठिपक्याशेजारची एक बारीक नोंद तिच्या डोळ्यांत भरली: रोज सकाळी सात वाजता दोन मग, एक पिऊन, एक बेसिनमध्ये. यंत्रानं समोर लिहिलं होतं, 'पाण्याचा व दुधाचा किरकोळ अपव्यय'. हेमांगीनं हातातल्या मगाकडे पाहिलं. मग तिनं वर्षं पुढे ढकलली. बावीस क्रमांक एक्याण्णव वर्षं जगत होता आणि त्या सतरा वर्षांत दुसरा मग एकदाही दाराबाहेर गेला नव्हता.

तिनं एकोणीस उघडला. हा कुणीतरी हातानं काढलेला, यंत्राला न दाखवता पाठवलेला आराखडा होता. दर पाचसहा घरांना मिळून एक रुंद ओसरी आणि ओसरीला तीन पायऱ्या. घरी येणारा प्रत्येक ठिपका पायऱ्यांशी थबकत होता, कारण बूट काढायला बसावंच लागत होतं. आणि बसला की बोलत होता. यंत्रानं त्याला 'खोळंबा, दररोज सरासरी अकरा मिनिटं' म्हटलं होतं आणि गुण कापले होते. सकाळी सातला बावीस क्रमांक दोन मग घेऊन ओसरीवर यायचा. खालच्या पायरीवर बहुतेक नववा ठिपका बूट घालत बसलेला असायचा. दुसरा मग त्याचा.

तिसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीतल्या एका दहिवराच्या सकाळी, बावीस क्रमांक वरच्या पायरीवरून पडला. सहा आठवड्यांनी ठिपका विझला.

हेमांगीनं खुर्ची पडद्याजवळ ओढली. परीक्षकाला कुठल्याही आराखड्यात तीन दुरुस्त्या करून बघायची आणि पटेल ती ठेवायची मुभा असते. तिनं पायऱ्या काढून उतार घातला. बावीस पडली नाही, पण आता कुणी थांबतही नव्हतं; बूट काढायचे ते लोक आपापल्या दारात काढत होते आणि ओसरीवर नुसता वारा होता. उतार रद्द करून तिनं पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा बसवला. काडीचाही फरक पडला नाही. दोन्ही हातांत मग असलेली बाई कठडा धरणार कशी? तिसरी दुरुस्ती म्हणून तिनं वर छप्पर टाकलं. त्यानं पडणं दोन आठवडे लांबलं, इतकंच.

नियम सरळ होता. स्पर्धकाची किंवा रहिवाशाची ओळख पटली तर परीक्षकानं तसं कळवून बाजूला व्हायचं; मग यंत्राचे गुणच अंतिम. म्हणजे क्रमांक चार. ओळख पटली नसेल तर लेखी कारण देऊन गुण बाजूला सारता येत होते, पण गेल्या अकरा स्पर्धांत कुठल्याच परीक्षकानं ते केलं नव्हतं. हेमांगीनं आजवर एकही नियम मोडला नव्हता. आज तिला त्या गोष्टीचा अभिमान वाटेना, नुसता थकवा वाटला. आणि भीतीही वाटली, कारण गप्प राहून चारवर सही केली काय आणि एकोणीसवर केली काय, ती या बाईच्या आयुष्याचं परस्पर ठरवूनच टाकणार होती.

दुपारी लोरेन रिकामे मग न्यायला आल्या तेव्हा हेमांगीनं त्यांना खुर्ची दिली.

"मिसेस लार्टर, तुमच्याबद्दलचं काहीतरी मला इथे दिसलंय. मला ते दिसायला नको होतं. तुम्हाला जाणून घ्यायचं असेल तर सांगते, नसेल तर हा विषय इथेच संपला."

"वाईट आहे का?"

"एका बाजूनं वाईट आहे. दोन्ही बाजूंनी आहे, बहुतेक."

लोरेन बसल्या. हेमांगीनं आधी चार दाखवला, मग एकोणीस, आणि काहीही लपवलं नाही. तारीखही नाही. लोरेन डोळे बारीक करून बघत होत्या, गावच्या जत्रेतल्या फोटोंत स्वतःला शोधावं तशा. एकोणीसमधली फेब्रुवारीतली सकाळ त्यांनी दोनदा बघितली. मग चारमधल्या बेसिनवर बोट ठेवून विचारलं, असे किती मग ओतले जातील. हेमांगीनं यंत्राला विचारून सांगितलं, सहा हजारांवर.

"आणि हा नववा? खालच्या पायरीवर बसलेला?"

हेमांगीला ते माहीत नव्हतं, आणि असतं तरी सांगता आलं नसतं. लोरेनना गरजच नव्हती.

"कीथ. एक बूट घालायला इतका वेळ दुसऱ्या कुणाला लागतो?" त्या हसल्या, आणि मग हसू थांबलं. "पण बघा ना. मी दोन मग घेऊन दारातून येते, हा तिथेच बसून हात वर करतो. दोन पावलांवर असतो. उठून मग घेतला असता तर माझा एक हात मोकळा नसता झाला?"

हेमांगी दचकली. पस्तीस वर्षं कठडे आणि उतार आखणाऱ्या बाईला हे सुचलं नव्हतं. तिनं यंत्रात शोधलं. भिंत, छप्पर, फरशी, सगळ्याला जागा होती, कीथनं उठावं हे लिहायला जागा नव्हती. दोन वर्षांच्या नोंदींत कुणाच्या हातातलं काही घ्यायला तो एकदाही उठला नव्हता, म्हणून पुढच्या वीस वर्षांतही उठत नव्हता.

"मग सोपं आहे," ती म्हणाली. "त्यांना सांगू या. मी सांगते, हवं तर."

"नाही." लोरेन एकदम ताठ झाल्या. "तुम्ही सांगायचं नाही आणि मीही सांगणार नाही. तारीख कळलेला माणूस माझ्या हातातला मग कसा घेईल, ते ठाऊक आहे मला. क्लाइव्हच्या शेवटच्या वर्षी सगळं गाव तसंच वागत होतं. सगळ्यांचे हात पुढे, आणि बोलायला कुणी तयार नाही. मला तसला चहा नको."

"मग काय करू मी?"

"पायऱ्या ठेवा. आणि कठडाही ठेवा. एखाद्या दिवशी हात मोकळा असला तर उपयोगी पडेल."

त्या मग उचलून स्वयंपाकघरात गेल्या. हेमांगीनं निकालपत्रक पुढे ओढलं. रहिवाशाची ओळख पटली आहे काय, या प्रश्नापुढे तिनं 'नाही' लिहिलं. गुण बाजूला सारण्याचं कारण लिहायला चार ओळींची जागा होती. तिला तिथे पानंच्या पानं लिहावीशी वाटली, आणि शेवटी तिनं एवढंच लिहिलं: 'या गावात लोक बूट काढायला बसतात. बसायला जागा हवी.' खाली सही केली. क्रमांक एकोणीस, कठड्यासह. ही सही बरोबर की एका बाईच्या चौदा वर्षांवर पाणी सोडणारी, हे तिला तेव्हाही कळत नव्हतं.

तिनं तक्ते गुंडाळले, दोन्ही काखांत धरले आणि दुपारी चार वाजण्याच्या सुमारास दाराकडे निघाली. बाहेर कीथ परत पायरीवर बसला होता. सकाळचे बूट आता घालायचे होते. एक घालून झाला होता. मागून पावलं वाजली. लोरेन दोन मग घेऊन येत होत्या, वाफा निघत होत्या, आणि पायरी सकाळच्या पावसानं अजून ओलीच होती. हेमांगीचे दोन्ही हात अडकलेले. तोंडाशी आलेले शब्द तिनं गिळले, कारण लोरेननी तसं बजावलं होतं.

चाहूल लागून कीथनं मान वळवली. नेहमीसारखा हात वर केला. मग त्यानं लोरेनकडे पाहिलं, त्यांच्या पायांकडे पाहिलं, आणि दुसरा बूट तसाच हातात धरून गुडघ्यावर तळवा टेकवला.

तो उठत होता, की बूट घालायला नुसता वाकत होता?