शिकारीच्या पुस्तकांचं कपाट

चोरी पकडली गेली ती भर दुपारी, मालकाच्या डोळ्यांदेखत.

जुन्या पुस्तकांच्या दुकानात, शिकार आणि सफरींच्या कपाटाशी ती उभी होती. एका हातात वाघाच्या मागावरचं जाडजूड पुस्तक, दुसऱ्या हातात फोन. असली जुनी, हक्क संपलेली पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. फक्त नावं ठाऊक हवीत, आणि नावं होती या कपाटात. एरवी ती घरी जाऊन डाउनलोड करायची. आज धीर निघाला नाही.

"मिळालं?"

दुकानदार मागेच शिडीवर होता. तिथून फोनचा पडदा स्वच्छ दिसत होता. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं.

"बाबांसाठी..." ती पुटपुटली. "त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. फोनवर अक्षरं मोठी करता येतात."

"वाघ आवडतात त्यांना?"

"पोस्टमन होते. जन्मभर कुत्र्यांनी पळवलं, आता ते वाघाच्या मागे लागलेत."

तो मनापासून हसला. रागावला असता तर परवडलं असतं. लाजेपोटी तिनं गल्ल्याजवळचं हाताला लागेल ते पुस्तक विकत घेतलं.

"मधमाश्या पाळता?" त्यानं विचारलं.

"पाळणार आहे."

"घर कितव्या मजल्यावर?"

"चौथ्या," ती म्हणाली आणि पळालीच.

मग कितीतरी दिवस ती तिकडे फिरकली नाही. ज्यापायी मान खाली गेली ते वाघाचं पुस्तक एकदा वाचावं तरी, म्हणून तिनं फोनवर उघडलं. एका पानाच्या फोटोत कोपऱ्यावर अंगठा राहून गेला होता. नखाखाली भाजल्याचा डाग. दुकानदार गिऱ्हाइकांची पुस्तकं बांधत असताना तो अंगठा तिनं इतक्यांदा न्याहाळला होता, की खोलीत एकटी असूनही तिचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात हजर.

"ही पुस्तकं नेटवर तुम्हीच टाकता?"

तो शिडीवरून उतरला. "कोणी घेत नाही ती. वाळवीच्या पोटात जाण्यापेक्षा लोकांनी वाचावीत." मग नजर चोरत म्हणाला, "तुम्ही ज्या पुस्तकाला हात लावायचात, ते त्याच दिवशी कोणीतरी डाउनलोड करायचं. साइटवर आकडा दिसतो. मला केव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तुम्ही आला नसतात. उलट मीच शोधून शोधून नवीन सफरी कपाटात लावत गेलो... आधी नेटवर टाकून."

"पिंजरा लावलात म्हणा की."

"लावला खरा. आता लाज वाटतेय."

त्यानं ध्रुवावरच्या मोहिमेचं एक पुस्तक पुढे केलं. "बाबांना हे आवडेल."

तिनं घेतलं नाही. "बाबांना नवा चष्मा मिळालाय केव्हाच. आता तेच शोधतात, तेच डाउनलोड करतात. मला विचारतही नाहीत."

"मग तुम्ही—"

"इथं उभं राहायला काहीतरी निमित्त हवं ना," ती म्हणाली. मान काही वर होईना. "चोरीची लाज वाटतच होती. पण याची जास्त."

त्यानं पुस्तक परत कपाटात ठेवलं, उलटं.

"उद्या निमित्ताशिवाय ये," तो म्हणाला. आणि आपल्या तोंडून 'ये' निघून गेलं हे ध्यानात येताच तोही कानापर्यंत लाल झाला.