राखीव पिशवी

दुपारी जेवणाआधी मुदत संपलेल्या पिशव्या बाजूला काढायच्या, एवढंच काम होतं. २००६ सालचं सांगतोय. पॅथॉलॉजीचा प्राध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर मी भिवंडीतल्या एका खाजगी इस्पितळात रक्तसाठ्याची खोली सांभाळत होतो. त्या दिवशी एकच पिशवी निघाली. ओ निगेटिव्ह.

सर्जननं ती आपल्या पेशंटसाठी राखून ठेवायला लावली होती. ऑपरेशन तीनदा पुढे गेलं, मग पेशंटच मुंबईला गेला. पिशवी सोडा, असं कुणी कळवलं नाही. मीही विचारलं नाही. मधल्या काळात खारबावकडच्या पाड्यावरचा सावळ्या माझ्या खोलीच्या रक्त द्यायच्या खिडकीशी येऊन उभा राहिला होता. त्याची बायको धाकली इथंच बाळंत झाली होती, रक्त थांबत नव्हतं. गट तोच. मी त्याला नियम सांगितला... राखीव पिशवी दुसऱ्याला देता येत नाही. संध्याकाळपर्यंत चार नंबरच्या खाटेवर धाकली गेली. माझं चुकलं का? अजून ठरवता येत नाही.

पिशवी हातात घेतली आणि वीज गेली. निजामपुऱ्यातले कापडाचे लूम एकदम थांबले. त्या शांततेत माझ्यामागे दार लागलं. आतलं हँडल तुटलेलं, म्हणून आम्ही दाराला स्टूल लावायचो. मी विसरलो होतो.

"दामू..." मी वॉर्डबॉयला हाक मारली.

खोलीला बाहेरची हवा नव्हती. स्पिरिटचा वास घशात बसला. मी दार ठोठावलं, खांदा लावून पाहिला. मग खिडकीपलीकडून बाईचा आवाज आला.

"डागतर, रगत हाय ना?"

"बाई, आधी बाहेरून कडी काढा."

"काढते. आधी रगत द्या."

"त्याची... मुदत संपलीय. चालणार नाही."

"माझी बी संपलीय," ती शांतपणे म्हणाली.

खिडकीची झडप सरकली. हात आत आला. त्यावर सलाईनची सुई, सुईवर चिकटपट्टी. मला श्वास पुरत नव्हता. पिशवी मी त्या हातावर ठेवली.

कडी वाजली.

बाहेर दामू धापा टाकत येत होता. "साहेब, बायकांच्या वॉर्डात चला. चार नंबरला रक्त कुणी लावलंय? तिथं तर पेशंटच न्हाय."

खाट रिकामी होती. वर माझी पिशवी टांगलेली, अर्धी संपलेली. नळीचं टोक चादरीवर. थेंब पडत होते, एकामागून एक. चादर कोरडी होती.

मी नळी बंद करायला हात नेला, आणि मागे घेतला. उशीवर डोक्याएवढा खळगा हळूहळू खोल होत चालला होता.