भरतीच्या प्रोग्रामचा धनी

"माझा प्रोग्राम चोरलाय. सोमवारी मुलाखत आहे, आणि तिथे चोरही येणार आहे," मंजुळा नाखवा म्हणाली.

टेंभी नाक्यावरच्या कचेरीत खासगी तपासनीस जया प्रधान शांतपणे ऐकत होत्या.

मंजुळा चेंदणी कोळीवाड्याची. तिथल्या धक्क्याच्या पायरीवर पट्टी ठोकून तिनं वर्षभर खाडीचं पाणी मोजलं होतं. त्यावरून भरती-ओहोटी आधीच सांगणारा प्रोग्राम तिनं लिहिला आणि मागेल त्याला फ्लॉपीवर फुकट दिला. आता एका संशोधन संस्थेत एकच जागा निघाली होती. पण कल्याणच्या एका निबंधात प्रोग्रामचा कर्ता म्हणून सीताराम वैद्यचं नाव छापलं होतं, तर शीळफाट्याच्या एका अहवालात तानाजी मोहितेचं. सीतारामनं त्याच जागेसाठी अर्ज केला होता.

"प्रोग्राममध्ये तुमचं नाव आहे?"

"नाही. आपणच आपलं नाव काय मिरवायचं!"

दगडू भोईरनं मान हलवली. हा जयाबाईंचा मदतनीस. संशय घेण्यात तत्पर, बाकी बेताचा.

तानाजीचा कोपरला कॉम्प्युटर क्लास होता.

"मी कशाला चोरू, मॅडम? मला प्रोग्रामिंग येत पण नाही. फक्त कॉपी मारून देतो. लोक फ्लॉपी नेतात आणि परत द्यायचं नाव घेत नाहीत, म्हणून माझ्या नावाची चिठ्ठी डकवतो. सगळेच डकवतात."

"घामाघूम झालेला. हाच तो," बाहेर येताच दगडू म्हणाला.

"पंखा बंद होता, दगडू."

डोंबिवलीला सीतारामच्या घरी चिवडा आला. दगडूनं स्टीलच्या वाटीवर कोरलेलं नाव वाचून दाद दिली. "शांताबाईंच्या हाताला चव आहे हो!"

"शांताबाई शेजारच्या. वाटी परत द्यायची राहिलीये. चिवडा आमच्या हिनं केलाय," सीताराम तुटकपणे म्हणाला. "आणि प्रोग्राम माझा आहे. निबंधात छापलंय, अर्जातही तेच लिहिलंय."

"तुमचा प्रोग्राम पाणी शून्य दाखवतो, ते कुठलं शून्य?"

"समुद्रसपाटी. शाळकरी प्रश्न आहे."

रविवारी संध्याकाळी जयाबाईंनी सगळ्यांना चेंदणीच्या धक्क्यावर बोलावलं.

"कुणी मुद्दाम चोरी केली असती, तर दोन्हीकडे एकच नाव लागलं असतं. इथे ज्याच्याकडून फ्लॉपी आली, त्याचं नाव लागलं. चिठ्ठी होती फ्लॉपी परत मिळावी म्हणून. वाचणाऱ्यांनी तोच कर्ता समजला. दगडूनं वाटीवरचं नाव वाचून चिवडा शांताबाईंच्या नावावर केला, तसंच."

"मग माझा काय दोष?" सीतारामनं विचारलं.

"चूक छापणाऱ्याची. ती कळल्यावर तुम्ही गप्प बसलात आणि अर्जात प्रोग्राम आपला म्हणून दडपून लिहिलंत."

"माझा नाही कशावरून?"

जयाबाईंनी प्रोग्रामनं छापलेला कागद पुढे धरला. त्यावर सहा वाजता पाणी शून्य असं होतं. घड्याळात सहा वाजले. पाणी वर चढत मंजुळाच्या पट्टीच्या तळाशी, पायरीला टेकलं.

"ही समुद्रसपाटी नव्हे. ही मंजुळाची पायरी आहे. जिनं मोजलं, तिनं शून्य इथे धरलं. कर्त्याला हे ठाऊक असतंच."

सीतारामचा चेहरा उतरला. "अर्ज मागे घेतो. संस्थेला कारणही लिहून देतो."

"मंजुळा, तुम्हीही कमी चुकला नाहीत," जयाबाई म्हणाल्या. "लोकांनी नाव द्यायचं कुठून? प्रोग्राम वापरलात तर कर्त्याचा उल्लेख असा करा, हे प्रत्येक छापील पानाखाली उमटू दे. नाव, गाव, साल."

मंजुळानं मान डोलावली. तेवढ्यात तिची आई दगडाबाई मासळीची पाटी धुता धुता म्हणाली, "आन तू कालेजान जायचीस, तवा पट्टीवरचा पानी कोन बघायचा गो?"

मंजुळाला मनापासून लाज वाटली.

मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "तुमच्या प्रोग्रामनं छापलेल्या या कागदाखाली दुसरं नाव आहे. दगडाबाई नाखवा कोण?"

"माझी आई," मंजुळा म्हणाली. "निम्मं पाणी तिनं मोजलंय. कालपर्यंत मी हे कुणाला सांगितलं नव्हतं."