मागच्या सीटवरचं वजन

आधीच सांगतो. मी बलभीम, नळदुर्गातला एक नंबरचा थापाड्या. लोकांच्या चपला झाडाला टांगणं, नव्या जावयाच्या चहात मीठ टाकणं, ही आपली कामं. म्हणून ही गोष्ट मी गल्लीत सांगितली की लोक टाळ्या देऊन हसतात.

तुमी बी हसा. पण एवढं ध्यानात ठेवा, थाप मारायची असती तर मी शेवट तरी गोड केला असता.

आणि यात अमावस्या न्हाय, रात्र न्हाय. भर उन्हाळ्यातली दुपार. नळदुर्ग. हायवेवरनं आत वळलं की आमची गल्ली.

धनाजी माझा मावसभाऊ, डेअरीत कामाला. त्याची बायको मथुरा, म्हणजे माझी वहिनी. तिच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातनं दोन वार सोलापूरला डायलिसिस. जाताना एसटी चालायची, पण येताना तिला बसवत न्हवतं, ओकाऱ्या यायच्या. म्हणून धनाजीनं उमरग्याच्या एका माणसाकडनं जुनी डिझेल गाडी घेतली. टर्बोवाली. रंग उडालेला, पण इंजिन गुळगुळीत.

गाडी चांगली. फक्त प्यायची.

अशी प्यायची की बाजाराच्या दिवशी गटारीत पडलेला गडी बी लाजला असता. महिना सरायच्या आधीच डिझेलला पैसे उरत न्हवते. मग एखादा वार चुकायचा. वार चुकला की वहिनीचं तोंड सुजायचं, दम लागायचा, आडवं पडता यायचं न्हाय.

त्यामुळं गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढवणं ही आमची हौस न्हवती. वहिनीचा श्वास त्याच्यावर होता.

गाडी शिवप्पा मिस्त्रीकडं नेली. शिवप्पा निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलतो. जगातली प्रत्येक गाडी दुसऱ्या मिस्त्रीनं बिघडवलीय असं त्याचं मत.

"हे एअर फिल्टर हाय का गोधडी?" त्यानं सुरुवातच तशी केली.

फिल्टर बदलला. टर्बोच्या पाईपाला चीर होती, तो बदलला. नोझल साफ केले. टायरात हवा बरोबर केली. टपावरचा कॅरिअर उतरवला. धनाजी बी हलक्या पायानं चालवायला लागला, नव्या नवरीला आणल्यावानी.

टाकी फुल करून सोलापूरला जाऊन आलो. परत फुल केली.

काडीचा फरक न्हाय.

मग शिवप्पानं स्वतः चक्कर मारली. आला, इंजिन बंद केलं आणि वळून मागच्या सीटकडं बघितलं. 

"किती माणसं बसतात ओ हिच्यात?"

"दोघं. कधी हा बल्या तिसरा."

"गाडी लोड घ्यालीय. भरल्या गाडीवानी चालालीय. मागं काय ठेवलंय?"

धनाजीनं हळूच माझ्याकडं बघितलं.

"बल्या, दगडाचं पोतं टाकलंस का?"

"आईशप्पत न्हाय."

"तू आईशप्पत घेतलीस म्हणजे टाकलंसच."

डिकी उघडली. रिकामी. स्टेपनी काढली. मागची सीट उपसून बघितली. काय न्हाय.

शिवप्पा गाडीच्या मागं उकिडवा बसला... आणि बोट दाखवलं.

मागची डावी बाजू दबलेली.

रिकामी गाडी, आणि एका बाजूला कललेली. त्यानं नवी स्प्रिंग टाकली. सांजच्याला ती बी दबली.

आणि तो आवाज...

टर्बोच्या गाडीत अ‍ॅक्सिलेटर सोडला की कधी कधी हवा सुटल्यासारखा आवाज येतो. हुश्श... तो पुढनं येतो, बॉनेटमधनं.

ह्या गाडीत तो मागनं यायचा. डाव्या सीटवरनं. लांबनं चालत आलेलं माणूस टेकल्यावर करतं तसा.

"धन्या, फुकट्या पाव्हणा बसलाय," मी म्हणलं. "तिकीट फाड त्याचं."

धनाजी हसला. वहिनी हसली न्हाय. ती मागंच बसायची, उजव्या बाजूला.

"भावजी, वळणावर मला तिकडनं कुणी टेकल्यावानी होतं. गार लागतं. ह्या उन्हात बरं वाटतं म्हणून मी बोलले न्हाय."

माझं हसू तोंडातच राहिलं.

आता वहिनीचं सांगतो. मीटर बघणारा येऊ दे न्हायतर भंगारवाला, "या, चहा घ्या" म्हणल्याशिवाय ती कुणाला दारातनं सोडायची न्हाय. स्वतःला घोटभर पाण्याची बी बंदी, पण आल्यागेल्याला चहा. आपल्याकडं सगळेच म्हणतात तसं. मनापासनं म्हणणारी मी एवढी एकच बघितली.

त्या दुपारी आमी तिघं सोलापूरहून आलो. डांबराला चटका लागेल असं ऊन. गल्लीत चिटपाखरू न्हाय. धनाजीनं गाडी दारात लावली, किल्ली फिरवली, इंजिन बंद.

हुश्श...

इंजिन बंद असताना.

वहिनी खाली उतरली. दाराला धरून उभी राहिली. मग वाकली, आत बघितलं, आणि सवयीनं म्हणाली, "उतरा की. घर आलं. चहा टाकते."

मी ठो करून हसलो.

कर्र...

गाडीची डावी बाजू वर आली. हळूहळू. जड माणूस उतरल्यावर येते तशी.

डावं दार उघडलंच न्हवतं.

धनाजी स्टेअरिंग धरून तसाच बसलेला. वहिनी पायऱ्या चढली, आत गेली. आणि मागनं कुणी येतंय म्हणून दार धरतो ना आपण... तसं तिनं घराचं दार धरलं. थोडा वेळ. मग लावलं.

दुसऱ्या दिवसापासनं गाडी म्हणजे पाखरू!

टाकी संपता संपंना. धनाजी पेढे वाटत सुटला. शिवप्पा हायवेवरच्या ढाब्याढाब्यावर सांगत हिंडला, नोझल मी साफ केले म्हणून. वहिनीचा एक बी वार चुकंना. मी मनात म्हणलं, जे काय होतं ते गेलं. सुटलो.

मग दवाखान्यातला वजनकाटा आडवा आला...

डायलिसिसच्या आधी पेशंटचं वजन करतात. मागल्या वारापासनं जेवढं वाढलं तेवढं अंगात साठलेलं पाणी. मशीन तेवढं काढून घेतं. सरळ हिशोब.

वहिनी काट्यावर उभी राहिली. सिस्टरनं आकडा बघितला. मग वहिनीकडं बघितलं. हाडाचा सापळा झालेली बाई.

"मावशी, किती पाणी पिलात?"

"घोट बी न्हाय ओ."

"काटा खोटं बोलतोय का मग?"

धनाजी काट्यावर चढला. बरोबर. मी चढलो. बरोबर. वहिनी परत चढली... तेवढंच.

मशीन पाणी ओढायला लागलं. वहिनीच्या पायात गोळे आले. बीपी पडलं. ती ओरडली ते बाहेर बाकड्यावर आमाला ऐकू आलं. झाल्यावर परत वजन केलं.

काटा हलला न्हवता.

पुढच्या वारी तसंच. त्याच्या पुढच्या वारी बी तसंच. काट्यावर वाढतीय, अंगानं वाळतीय. शेवटी डॉक्टरांनी धनाजीला बाजूला घेतलं.

"अंगात पाणी उरलेलंच न्हाय. मी काढू काय?"

घरी निघालो. वहिनी मागं, उजव्या बाजूला. गाडी उजवीकडं कललेली.

घरी आल्यावर धनाजीनं कॅरिअर परत टपावर चढवला. टायरातली हवा सोडली. जुना घाण फिल्टर शोधून बसवला. चाकूनं टर्बोचा नवा पाईप कापला. मग मागचं डावं दार सताड उघडलं आणि घराकडं तोंड करून हात जोडले.

"पाव्हणं, चला. बसा गाडीत. हैदराबाद म्हणा, कुठं बी म्हणा, फिरवतो. जन्मभर फिरवतो. प्यायचं तेवढं डिझेल पिऊ दे. तिला सोडा."

मी मागच्या चाकाकडं डोळे लावून बसलो.

गाडी हलली न्हाय.

घरातनं आवाज आला... हुश्श...

रोज त्याचं तेच चाललं. सकाळी दार उघडायचा, हात जोडायचा. शिवप्पा येऊन ओरडून गेला, "येडं लागलं का? मी टाकलेला पाईप कापतो?" धनाजी नुसता म्हणाला, "अजून काय केलं की गाडी जास्त पिईल, सांगा."

वहिनीला मशीन सोसवंना, सोलापूरला जायचं बंद झालं.

एका दुपारी वहिनीनं पाणी मागितलं. धनाजीनं तांब्या भरून दिला. आता कशाला न्हाय म्हणायचं? तिनं अख्खा तांब्या पिला. किती वरसांनी. तोंडावर असं समाधान, की मी खाली बघितलं.

मी तिच्या बाजेवर पायथ्याला बसलो होतो. ती म्हणाली, "भावजी, जरा सरका. त्यांना नीट बसता येईना."

माझ्या तोंडात नेहमीसारखा काहीतरी विनोद आला. गिळला.

सरकलो.

बाजेची सुतळी ताणली. मधे, माझ्या आणि तिच्या मधे... खड्डा पडला. मांडीला गार लागलं.

ऊन कलायच्या आत वहिनी गेली.

तिला धनाजीनं एकट्यानं उचललं. लेकरासारखी हलकी होती. बाजेवरचा खड्डा तसाच.

गाडी दारात उभी हाय, दोन्ही बाजूंनी सरळ. घेणारे लई येतात. धनाजी विकत न्हाय, चालवत बी न्हाय. झोपतो मात्र त्याच बाजेवर. कडेला, अंग चोरून. मी एकदा म्हणलं, मोड ती बाज, जाळ. तर म्हणतो, घरात दुसरं कोण हाय मला?

मी जातो अधनंमधनं, पण उंबऱ्याच्या आत बसत न्हाय. उभ्यानंच बोलतो, घाई हाय म्हणून सांगतो.

परवा बी गेलो. भर दुपार. धनाजी बाजेच्या कडेला बसलेला.

"बस की बल्या."

"न्हाय, घाई हाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग शेजारच्या रिकाम्या जागेकडं वळला. हळू आवाजात, घरातल्या माणसाला सांगावं तसं बोलला,

"सरकता का जरा? आमचा बलभीम उभा हाय."

कर्र...

सुतळी करकरली. आणि माझ्यापुरती जागा झाली.