अण्णानं आवळलेले नट

बसा की हितं सावलीत. मकदूमभाई तुमचं पंक्चर काढंपर्यंत चहा येतोय. माझी गाडी का उभी हाय म्हणून विचारलंत, तर सांगतो. पण मधी हसायचं न्हाय. हसणाऱ्याला मी पुढचं सांगत न्हाय.

उन्हाळ्याचे दिवस. वैनीला, म्हणजे जगदेवीला, तिच्या माहेरी मैंदर्गीला सोडायचं होतं. कायमचं. माझा थोरला भाऊ मडिवाळप्पा, आमी त्याला अण्णाच म्हणायचो, छातीत कळ येऊन गेला, त्याला महिना उलटला होता. गाडी, म्हणजे हा ट्रक, आमच्या दोघांची. मागं वैनीचं कपाट, लोखंडी कॉट, भांड्यांचं पोतं, आणि पुढं केबिनमधी आमी दोघंच. रडून झालेलं होतं. खरं सांगू का, अण्णा गेल्यापासनं मला काही वाटतच नव्हतं. भूक न्हाय, राग न्हाय. ताट वाढलं की जेवायचं, किल्ली हातात दिली की गाडी काढायची.

वैनी का निघाली? झोप नव्हती बाईला. डोळा लागला की कुणीतरी मनगट धरतंय म्हणायची. जोरात न्हाय, पण जाग आली तरी सोडतच न्हाय. अण्णा होता तवा तिला कधी धड माहेरी राहू दिलं न्हाय त्यानं. "पुढच्या आठवड्यात जा की," हे ठरलेलं. माया होती हो, नव्हती असं न्हाय. पण लई घट्ट माणूस. डोळे खोल गेलेले बघून शेवटी आईच म्हणाली, "जाऊ दे तिला. न्हाईतर ही पण हातची जाईल."

अक्कलकोट मागं पडलं आणि पुढलं डावं चाक पंक्चर होऊन बसलं. भर दुपार. तूर काढलेली रानं भेगाळून पडलेली, माणूस न्हाय, कुत्रं न्हाय. वारासुद्धा पडलेला. मागल्या चाकांना दगड लावले आणि जॅक लावायच्या आधी नट ढिले करावे म्हणून पाना घातला. हलंना.

ते चाक अण्णानं बसवलेलं. त्याची एक रीत होती. पाना लावायचा, त्यात लांब पाईप घालायचा, पाईपवर दोन्ही पाय देऊन उभं राहायचं आणि 'हर्र' म्हणून सगळं अंग टाकायचं. मिस्त्री बोंबलायचे, "अण्णा, आटे जातील की!" ह्याचं एकच, "माझ्या हातचं चाक निघायचं न्हाय."

मीबी पाईप घातला. आमच्या गाडीला डाव्या चाकाचे आटे उलटे, नट उलट्या अंगाला फिरवला की सुटतो, ते मला झोपेतबी ठाऊक. तरी खात्री केली, नटावर खडूनं रेघ मारली आणि पाईपवर चढून उडी घेतली. कर्रर्र झालं. म्हटलं, सुटला एकदाचा. वाकून बघतो तर काय, रेघ भलत्याच अंगाला सरकलेली. नट आणखी आवळला होता.

मग वास आला. घामात भिजलेल्या विभूतीचा. अण्णा कपाळभर लावायचा, तोच. आणि चाकाच्या आतनं... दमलेल्या माणसाचा श्वास... एक... मग एक... आणि हळूच, "हर्र..."

भ्यायला पाहिजे होतं ना? मी नुसता उभा. डोक्यावर ऊन लागतंय, एवढंच कळत होतं.

"भावजी," वैनी वरनं म्हणाली, "त्येच हायेत न्हवं?"

"व्हय."

"मगापासनं माझं मनगट मोकळं झालंय... म्हणजे हितं आल्यात."

ती उतरली. चाकापाशी उकिडवी बसली आणि नटावर तळहात ठेवला. लोखंड नुसतं रसरसलेलं, पण हात काढला न्हाय. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाय. रेशनच्या दुकानात विचारलं तरी वैनी माझ्याकडं बघायची, मग मी सांगायचो. तिनं तोंड चाकाजवळ नेलं.

"मडिवाळप्पा," ती म्हणाली. "सोडा आता... लई दमले हो मी."

पाना तर खाली पडला होता. आणि नट तिच्या हाताखाली आपोआप फिरला... मग शेजारचा... राहिलेले मी बोटांनी काढले.

स्टेपनी लावून निघालो. पहिल्या वळणाच्या आत वैनी झोपली, तोंड उघडं टाकून, लहान पोरावानी. तिच्याकडं बघून इतक्या दिवसांनी माझ्या डोळ्याला पाणी आलं. मैंदर्गीत तिची आई नागम्मा दारात उभी होती. मी उठवायला गेलो तर तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "मलगली, मलगली." झोपू दे म्हणाली.

ती उठल्यावर सामान उतरवलं आणि निघताना सवयीनं चाकं बघितली. देवा रे! स्टेपनी सोडून बाकी सगळ्या चाकांचे नट ढिले. बोटानं फिरत होते. वैनीनं सोडा म्हटलं आणि त्यानं सगळंच सोडलं होतं. तसल्या गाडीवर आमी बसून आलो होतो. घरात कुणाला बोललो न्हाय. पाईप घातला आणि एकेक नट आवळत गेलो, एकटाच, अण्णासारखा वर उभा राहून. तोंडातनं 'हर्र' निघालं असंल तर आठवत न्हाय.

ह्या आठवड्यात हितं चिंचोळीत मागलं चाक बसलं. मकदूमभाईनं नट सोडायची हवेची मशीन लावली, मग पाईप लावला, मग आमी दोघं चढलो. नट हलंनात.

"कुणी आवळल्यात हो हे?"

"मीच."

"आणि पाईपवर दुसरं कोण होतं?"

"कुणी न्हाय."

मकदूमभाईनं पाना खाली ठेवला. "एका माणसाच्या वजनाचं काम न्हाय हे, गुरुशांत."

वैनीला बोलवा, ती येऊन परत नाव घेईल, असं तुमच्या मनात आलं ना? माझ्याबी आलं. मैंदर्गीला फोन लावला. नागम्मा म्हणाली, पोरगी गाढ झोपते आता, घोरतेसुद्धा. मी फोन ठेवला.

मकदूमभाई म्हणतोय गॅसनं नट कापून टाकू. मी हात लावू देत न्हाय. कापले की अण्णा मोकळा. आणि मोकळा झाला की तो कुटं जाईल, मला चांगलं ठाऊक हाय. हितंच असू दे त्याला, मी बसतो शेजारी. तोवर तिकडं तिला झोपू दे.