अंगातला धागा

रफूगराचं काम असं की चांगलं झालं तर कुणाला दिसतच नाही. चाळीस वर्षं तो कोटांची भोकं बुजवत आला. गिऱ्हाईक कोट उलटापालटा करून विचारायचं, "भोक होतं तरी कुठे?" याहून मोठी शाबासकी त्याला माहीत नव्हती. सत्तरीत मात्र डोळ्यांनीच दगा दिला. कडेचं सगळं दिसे, दाराची चौकट, टेबलावरची कात्री. पण ज्याच्याकडे रोखून बघावं नेमकं तेवढंच राखाडी होऊन जाई. सुई गेली, वर्तमानपत्र गेलं, ते त्याने कसंबसं गिळलं. बायकोचा चेहरा गेला त्या दिवशी तो न्हाणीघरात नळ सोडून रडला.

"पडद्याचा मधला भाग झिजलाय, काका," डोळ्यांची डॉक्टर म्हणाली. "तो काही परत यायचा नाही. पण मेंदूचा जो भाग त्याच्यावर जगायचा, तो स्वस्थ बसत नाही. कुठून कुठून घेऊन भोक भरून काढतो. मग समोर नसलेलंही दिसायला लागतं. ते वेड नव्हे, घाबरायचं नाही."

"म्हणजे रफूच की."

"अगदी रफू!"

"मग धागा कुठून आणतो?"

डॉक्टर हसली आणि गोळ्या लिहून दिल्या.

त्यानेही उत्तराचा आग्रह धरला नाही. चूक झाली ती इथेच. रफूला बाहेरचा धागा चालत नाही. त्याच कोटाच्या शिवणीत आत दुमडलेलं कापड असतं, त्यातून एकेक धागा ओढायचा असतो. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

रोज सकाळी तो बायकोला खिडकीशी बसवी आणि त्या राखाडी डागाकडे टक लावून बघे. पंधराव्या दिवशी डाग भरू लागला. आधी कपाळ आलं, मग भुवया, मग अख्खा चेहरा.

"दिसतेस गं! सगळीच्या सगळी दिसतेस!"

"आंधळा मागतो एक डोळा," ती हसत म्हणाली, "आणि देव देतो दोन. चला, आता तरी शेंगा सोलायला बसा."

आठवड्याने मुलीचा व्हिडिओ कॉल आला. "आई, कॅमेऱ्यावर बोट आलंय तुझं. तोंडच दिसत नाहीये."

"बोट कुठलं? दोन्ही हात मांडीवर आहेत माझे."

मग बसच्या पासाला फोटो हवा होता म्हणून तिने फोटोंचा डबा उघडला. आत काय दिसतंय ते तिने त्याला सांगितलं, तेही तुटक तुटक. प्रत्येक फोटोत तिचे केस होते, गळा होता, खांदे होते. मधे नुसता कोरा कागद. लग्नाच्या फोटोत तो एका कोऱ्या चेहऱ्याशेजारी उभा होता.

"ओल लागली असेल," ती म्हणाली. ओल असती तर शेजारच्या त्याच्या चेहऱ्यालाही लागली असती.

फोटो म्हणजे तिच्या शिवणीतलं कापड, आणि ते संपत आलं होतं. ते संपलं की धागा कोटाच्या अंगातूनच काढावा लागतो आणि एक भोक बुजवताना दुसरं पडतं. असलं काम त्याने जन्मात घेतलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्याने तिच्याकडे बघणं सोडलं. खुर्ची भिंतीकडे वळवली, तर भिंतीवर तिचा चेहरा. डोळ्यांवर फडकं बांधलं, तर फडक्याच्या आत तिचा चेहरा, पापण्या मोजता येतील इतका स्पष्ट. "पुरे झालं रे, पुरे!" असं म्हणत तो स्वतःच्या कपाळावर बुक्क्या मारून घेई. ऐकतंय कोण?

चौथ्या दिवशी दुपारी ती त्याच्यासमोर येऊन बसली आणि तिने फडकं सोडलं.

"अहो, आरशात मला मी दिसत नाही. तीनदा पुसला. तुम्हाला तरी दिसते ना?"

"मला बघायला लावू नकोस. पाया पडतो तुझ्या."

"मी आहे की नाही ते तरी कळू दे. एकेक सांगा. मी बोटाने चाचपून बघते."

तिचा आवाज इतका घाबरलेला त्याने कधी ऐकला नव्हता. त्याला नाही म्हणवेना. त्याने तिचं मनगट धरलं आणि मान वर केली. चेहरा समोरच होता, लख्ख.

"कपाळ," तो म्हणाला.

"हं."

"भुवया. मधे आठी पडलीय."

"हं. पुढे?"

"नाक."

मनगट खाली सरकलं. नाकाशी ते थोडं पुढे यायला हवं होतं. ते सरळ खाली उतरत गेलं, इस्त्री फिरावी तसं.

"बास. नको पुढे."

"सांगा ना. अहो, सांगा ना!"

निदान तेवढं तरी राहू दे म्हणून तो घाईघाईने म्हणाला, "ओठ. ओठ आहेत गं."

"हं" आलं नाही.

समोरचा चेहरा हसत होता, ओठ हलवून भराभरा काहीतरी सांगत होता. खोलीत आवाज नव्हता, आणि त्याच्या मुठीतलं मनगट सुटायला धडपडत होतं.