तीनच झाडं हिरवी कशी?

"रविवारी सगळी तोडतो," असं म्हणत सावळीच्या बापाने, कुंडलिकने, कुऱ्हाडीला धार लावायला घेतली, आणि तिची दिवाळीची सुट्टी तिथेच कडू झाली. शेणवे गावात त्यांच्या घरामागे लिंबाची तीस झाडं होती. सावळीच्या आईने, पारूने, चार उन्हाळे डोक्यावरून हंडे वाहून ती जगवलेली. आता मुळांना बुरशी लागली होती, खोडांतून डिंक गळत होता.

कृषी सहायकांनी त्यावर एक भुकटी दिली होती. तिच्यातले चांगले जिवाणू मुळांभोवती वस्ती करतात आणि बुरशीला हुसकून लावतात. कुंडलिकने पावसाळ्यात ती दोनदा पाण्यात कालवून ओतली. गुण शून्य!

"जिवाणूबिवाणू काय नाय. पुडीत नुसती माती हाय," त्याने निकाल देऊन टाकला.

सावळी, तिचा मामेभाऊ हितेश आणि शेजारचा मंगळ्या रोगट झाडं मोजायला गेले. मोजणी सत्तावीसवर अडली. ओढ्याकडची तीन झाडं ठणठणीत, वर नवी पालवी! औषध तेच, दिवस तोच, मग यांचेच लाड का? मंगळ्या म्हणाला, नशीब. नशिबावर सोडलं की डोकं चालवावं लागत नाही, हे मंगळ्याला बरोबर ठाऊक होतं. सावळीने सरळ आईला विचारलं. दोन्ही वेळा शेवटी नळाचं पाणी संपलं, तेव्हा उरलेल्या तीन झाडांपुरती भुकटी पारूने ओढ्याच्या पाण्यात कालवून घातली होती.

तिघांनी दोन बादल्या भरल्या, एक नळाची, एक ओढ्याची. दोन्हींत सारखी भुकटी, आणि जिवाणूंना खाऊ म्हणून सारखा गूळ. दुसऱ्या संध्याकाळी ओढ्याच्या बादलीवर फेस आला होता, आंबूस वास सुटला होता. नळाची बादली होती तशीच.

हितेशने नळाचं पाणी हुंगलं. टीसीएलचा उग्र दर्प! गावाचं पाणी शुद्ध करायची ही पावडर. टाकीत ती टाकायचं काम कुंडलिककडेच होतं, आणि माप सोडून तो मूठमूठ टाकायचा. जास्त टाकली की पाणी जास्त शुद्ध, हे त्याचं शास्त्र! त्यात रोगाचे जंतू मरत होते आणि औषधातले जिवाणूही.

हे सांगायचं कोणी? मंगळ्याला नेमकं घरचं काम आठवलं. रविवारी सकाळी सावळीनेच दोन्ही बादल्या बापापुढे ठेवल्या. त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड होती.

"बा, औषध खोटं नव्हतं. टाकीच्या पाण्यानं मेलं."

कुंडलिकने दोन्ही बादल्या हुंगल्या. मग कुऱ्हाड खाली ठेवून तो पारूला म्हणाला, "तुझी झाडं मीच मारीत होतो गो."

पारूने त्याच्या हातात हंडा दिला. दिवसभर सगळे ओढ्यावरून पाणी वाहून, त्यात भुकटी कालवून झाडांना घालत होते, मंगळ्यासुद्धा.

चार झाडं गेलीच. बाकीच्यांना संक्रांतीपर्यंत पालवी फुटली. ग्रामसभेत कृषी सहायकांनी मुलांना शाबासकी दिली, तेव्हा कुंडलिक आपणहून उभा राहिला.

"मी रोज बागेत जायचो," तो म्हणाला, "पन मला तीन झाडं हिरवी दिसली नाय. पोरांना दिसली."

सावळीचे डोळे भरून आले.